वाषिर्क घरपट्टी आणि आमची नवी वेबसाईट

सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत मी कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. जुनी साईट सोडून एनआयसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉम्प्युटर खात्याच्या, एसथ्रीवासवर जायचं ठरलं, जिल्ह्याच्या साईटी ज्याच्यावर चालतात तोच प्लॅटफॉर्म, आणि मला वाटलं कॉपी-पेस्टचं काम आहे, आठवड्यात उरकू.

पहिला खोडा म्हणजे जुनं डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, आमच्या नावावर नव्हतंच! साईट ज्यानं बनवली त्याच्याच ईमेलवर, आणि तो फोन उचलेना. पासवर्ड कुणाकडंच नाही, मग एकेक पान ब्राउझरमधून सेव्ह करत बसलो. नव्या साईटच्या गव्ह डॉट इन पत्त्यासाठी मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र लागतं, ते मात्र लगेच मिळालं.

खरा घाम फॉन्टनं काढला. जुन्या नोटिसा सगळ्या श्रीलिपीत, प्रिंट काढली की देखण्या, नव्या पानावर टाकल्या की नुसती गिचमिड, कारण त्या फॉन्टात मराठी अक्षरं इंग्रजीच्या कोडवर बसवलेली असतात. कन्व्हर्टर लावला तर बरंचसं सुधारलं पण रफार आणि पहिली वेलांटी इकडची तिकडं, वार्षिकचं 'वाषिर्क', आणि कऱ्हाडचं करहाड झालेलं बघून आमचे कऱ्हाडचे क्लार्क दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

सरकारी साईट अंध माणसालाही वापरता आली पाहिजे असं जीआयजीडब्ल्यूच्या, म्हणजे सरकारी साईटसाठीच्या, नियमात आहे, मी ते आधी मनावर घेतलं नव्हतं खरं सांगायचं तर. आमच्या टेलिफोनवर बसणारे दादा अंध आहेत, त्यांना म्हटलं जरा ऐकून बघा. एनव्हीडीए नावाचं, स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर टाकून हेडफोन दिला. वाषिर्क ऐकून हसले, मग घरपट्टीची नोटीस उघडली आणि गप्पच बसले. म्हणाले, "बंद पडलं का रे?" बंद कुठलं, ती नोटीस म्हणजे स्कॅन केलेला फोटो होता, वाचणार काय डोंबल. त्या दिवशी ठरवलं, चालू नोटिसा सगळ्या हातानं टाइप करायच्या, जुन्या राहू देत तशाच. साहेब आधी नको म्हणत होते, "एवढं कोण टाइप करणार", म्हटलं मीच की.

माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ख), त्यात १७ मुद्दे स्वतःहून जाहीर करायचे असतात. आस्थापना म्हणते बांधकामला विचार, बांधकाम म्हणतं लेखाला, लेखा परत आस्थापनेकडं. जनमाहिती अधिकारी म्हणून ज्यांचं नाव होतं ते साहेब कधीच रिटायर झालेले, लोक त्यांच्या नावानं अर्ज टाकत होते. शेवटी मीच प्रत्येक टेबलापुढं खुर्ची टाकून बसलो, माहिती मिळेपर्यंत उठायचं नाही.

तीन महिन्यांनी साईट चालू झाली. पण व्हॉट्सअपवर लोक अजून जुनीच लिंक फिरवतात, आणि ती नव्या साईटकडं वळवायला जुनं डोमेन हातात पाहिजे ना! त्या जुन्या साईटवर पाणी सुटायची वेळ अजून २०१८ची आहे. मागच्या सोमवारी एक आजी त्या वेळेला घागर घेऊन बसली होती, नातवानं बघून सांगितलं म्हणाली. तो वेबसाईटवाला अजून फोन उचलत नाही.