एकट्याचा डाव आणि शनिवारची बैठक

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी भिंतीतल्या कपाटाचे दोन कप्पे बैठ्या खेळांनी अडवले आहेत. वरच्या कप्प्यात मी एकटा खेळतो ते खेळ आणि खालच्यात शनिवारी रात्री मंडळी जमतात तेव्हाचे, अशी वाटणी आहे, आणि एका कप्प्यातला खोका दुसऱ्यात गेल्याचे प्रसंग मोजकेच आहेत. खोक्यावर ‘१ ते ५ खेळाडू’ असे छापलेले असले, तरी त्यातला ‘१’ पुष्कळदा केवळ खप वाढावा म्हणून घातलेला असतो, असे माझे मत झाले आहे.

एकट्याच्या खेळाची माझी कसोटी अशी की, हरल्यावर आपले नेमके कुठे चुकले ते बोट ठेवून सांगता आले पाहिजे. फाशांवर ढकलता येणारी हार दोनदा सोसवते. तिसऱ्यांदा खोका बंद होतो. या कसोटीला आजही सर्वांत चोख उतरतो तो आपल्याकडे ब्रेनविटा या नावाने घरोघरी आढळणारा गोट्यांचा पट. ३३ खळगे, ३२ गोट्या, मधला खळगा रिकामा. एका गोटीने शेजारच्या गोटीवरून उडी मारायची आणि ओलांडलेली गोटी उचलायची. ३१ उड्यांनंतर एकच गोटी, तीही बरोबर मध्यभागी, उरली पाहिजे. नशिबाला यात शिरायला जागाच नाही. नवखा माणूस मधल्या गोट्या भराभर उचलतो आणि शेवटी चार टोकांना चार गोट्या एकमेकींकडे बघत राहतात. टोके आधी रिकामी करायची, हे कळायला मला शाळेतली एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. एकाच गोटीच्या सलग उड्या मिळून एक चाल धरली, तर हा डाव १८ चालींत सुटतो, हे अर्नेस्ट बर्गहोल्ट यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले. माझ्या हातून मध्यभागी एकच गोटी उरण्याचा योग आजवर तीनदा आला, आणि तिन्ही वेळा मी चाली लिहून ठेवल्या नव्हत्या.

नव्या खेळांपैकी वरच्या कप्प्यात मानाचे स्थान आहे ते फ्रीडमान फ्रीझे यांच्या ‘फ्रायडे’ला. २०११ मध्ये आलेला हा पत्त्यांचा खेळ मुळातच एकट्यासाठी रचलेला आहे. बेटावर अडकलेल्या रॉबिन्सनला आपण जगायला शिकवायचे, आणि सुरुवातीला हा गृहस्थ अगदीच कच्चा लिंबू असतो: त्याच्या १८ पानांत बहुतेक शून्याची, काही तर उणे एकची. समोर आलेल्या दोन संकटांपैकी एक निवडायचे, त्यावर लिहिलेली असतील तितकी पाने फुकट उलटायची आणि त्याहून अधिक हवी असल्यास दर पानाला आयुष्याचा एक ठोकळा मोजायचा. जिंकलो तर ते संकटाचेच पान फिरून आपल्या गड्डीत कामाचे होऊन येते. खरी गंमत मात्र हरण्यात आहे. हरल्यावर जितके ठोकळे जातात, तितक्या किमतीची टाकाऊ पाने कायमची काढून टाकता येतात, त्यामुळे पहिल्या फेरीत जाणूनबुजून थोडे हरणे हाच शहाणपणा ठरतो. हे न कळल्याने मी पहिले दहा-बारा डाव मोठ्या अभिमानाने सारखा जिंकत गेलो आणि शेवटच्या दोन चाच्यांसमोर त्याच उणे एकच्या पानांनी माझा घात केला. शिवाय गड्डी संपून पुन्हा पिसताना दर वेळी म्हातारपणाचे एक पान आत घालावे लागते, म्हणजे भराभर पाने ओढणाऱ्याला वार्धक्यही लवकर गाठते. माझ्या खोक्यात दोन ठोकळे मुळातच कमी निघाले आणि विकणाऱ्याने पत्राला उत्तरही दिले नाही. तेव्हापासून दोन तूरडाळीचे दाणे ती कामगिरी बजावत आहेत.

एलिझाबेथ हारग्रेव्ह यांच्या ‘विंगस्पॅन’विषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याचे कौतुक सर्वत्र होते. १७० पक्ष्यांची १७० वेगळी पाने आणि सबंध डावात मोजून २६ खेळ्या. एकटे असताना ‘ऑटोमा’ नावाची छोटी गड्डी प्रतिस्पर्ध्याचे काम करते. थंडीत डभोईजवळच्या वढवाणा तलावावर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस पाहून आलेल्या माणसाला हा खेळ अधिक भावतो, इतकेच म्हणेन. चौघांत मात्र तो मला रुचत नाही, कारण जो तो आपापल्या पटात मान घालून बसतो आणि खोलीत वाचनालयासारखी शांतता पसरते.

खालच्या कप्प्याची कसोटी वेगळी आहे: आपली पाळी नसताना माणूस काय करतो? मोबाइल काढत असेल तर तो खेळ आमच्या बैठकीचा नव्हे. बेटावर वसाहती वसवण्याचा ‘कॅटान’ १९९५ पासून टिकून आहे तो याच गुणावर, असे मला वाटते. फासे दुसऱ्याने टाकले तरी मिळकत सर्वांना होऊ शकते आणि देवाणघेवाणीच्या वाटाघाटी चालू असल्याने लक्ष ठेवावेच लागते. आमचे शेजारी, जन्मजात व्यापारी, दोन मेंढ्यांच्या बदल्यात एक वीट अशा रंगात घासाघीस करतात की त्यांच्याशी व्यवहार न करणे हीच माझी एकमेव युक्ती उरते. ‘पॅन्डेमिक’मध्ये सारे मिळून रोगांशी लढतात आणि पटावरच्या ४८ शहरांत मुंबईही आहे, पण एखादा अनुभवी भिडू सगळ्यांच्या वतीने निर्णय घेऊ लागला की बाकीचे नुसते होयबा होतात. आमच्याकडे तो अनुभवी भिडू मीच असल्यामुळे खोका हल्ली खाली उतरत नाही.

सर्वांत जास्त रंगतो तो ‘कोडनेम्स’. व्लादा ख्वातिल यांच्या २०१५ च्या या खेळात मेजावर २५ शब्द मांडलेले असतात. त्यांतले नऊ एका गटाचे, आठ दुसऱ्याचे, सात कोणाचेच नव्हेत आणि एक मारेकऱ्याचा, ज्याला हात लावला की डाव तिथेच संपतो. गटाचा म्होरक्या एक शब्द आणि एक आकडा उच्चारून आपल्या शब्दांकडे बोट दाखवतो. इंग्रजी पानांवर माझी आत्या आणि शेजारचे गुजराती काका गप्प बसून राहत, म्हणून आम्ही लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून देवनागरीत दोनशे शब्द लिहिले, आणि तिथून खरी मजा सुरू झाली. एकदा काकांनी ‘रविवार, दोन’ असा संकेत दिला. आम्ही मराठी मंडळींनी ‘झोप’ तत्काळ ओळखला. दुसऱ्या शब्दासाठी ‘भजी’ आणि ‘बाग’ यांवर दहा मिनिटे खल केला आणि ‘बाग’ उचलून पाळी घालवली. काकांच्या मनात होता ‘नवरा’. गुजरातीत नवरो म्हणजे रिकामटेकडा. आत्याने, अर्थात, दोन्ही भाषांत अर्थ एकच असल्याचा निर्वाळा दिला. आता म्होरक्या कोण आहे, त्यावरून शब्द कोणत्या भाषेतून वाचायचा, हाही डावाचाच भाग झाला आहे. ‘शिंग’ दिसले की मराठी भिडू बैलाकडे जातो आणि गुजराती भिडू भाजलेल्या शेंगदाण्यांकडे.

बैठकीचा एकच कडक नियम आहे: सेव-उसळ आधी, पाने नंतर. तरीचा एक केशरी ठिपका पानाच्या पाठीवर पडला की ते पान कोणाच्या हातात आहे, हे सर्वांना कळते.

रात्री अकराच्या पुढे नवे नियम ऐकण्याची कोणाचीच तयारी नसते, तेव्हा आत्या खडूने फरशीवर २५ घरांचा चल्लस आठ आखते आणि चार कवड्या काढते. काका त्याला इस्टो म्हणतात. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि दोन्हींवर पुन्हा टाकायला मिळते. एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या वाटेला शिरता येत नाही. गेल्या शनिवारी फुलीच्या घरात माझी सोंगटी सुखरूप आहे, असे समजून मी निर्धास्त बसलो होतो. आत्याने सांगितले की, ती फुली नव्हे, खडू घसरल्याची रेघ आहे, आणि सोंगटी उचलून माझ्या हातात दिली.