नॉर्थ अँडोव्हरला बघितलेली मॅच

बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनच्या डोक्यावरच टीडी गार्डन आहे, म्हणजे सेल्टिक्स या बास्केटबॉल टीमचं घर. वर तेव्हा 17 चॅम्पियनशिपचे बॅनर टांगलेले आणि खाली लोकल सुटतात. फेब्रुवारी 2020 मधल्या एका शनिवारी मी आणि माझा नागपूरकर रूममेट तिथं तासभर अडकलो, कारण मी घाईत वीकडेचं टाइमटेबल बघितलं होतं आणि शनिवारी गाड्या कमी असतात हे लक्षातच आलं नाही. क्विन्सीहून रेड लाइन, मग ऑरेंज लाइन असं करत आलेलो, सॅकमध्ये पोळीचे रोल आणि शेंगदाण्याची चटणी. रूममेट म्हणाला, "काऊन बे, वर सेल्टिक्सचं घर सोडून आपण एका कॉलेजची मॅच बघायला चाललो?" पण त्याच्या डोळ्यातही उत्सुकता होती, मला कळत होतं. तो नागपूरच्या कोर्टवर वाढलेला, मी डेक्कन जिमखान्याच्या, आणि बास्केटबॉल खेळलेल्या माणसाला लहान हॉलमधली, कोर्टला खेटून बसून बघायची मॅच काय असते ते सांगावं लागत नाही.

कॉलेजचं नाव मेरिमॅक. ऑफिसमधला एक जण तिथं शिकलेला, त्यानंच नोव्हेंबरमध्ये सांगितलं होतं की आमचं कॉलेज यंदा डिव्हिजन वनमध्ये गेलंय. मी तेव्हा नुसती मान हलवली. मग आठवड्याभरात तोच सकाळी माझ्या डेस्कपाशी आला, फोन पुढे धरला, त्यात 71-61. शिकागोजवळच्या इव्हन्स्टनला जाऊन मेरिमॅकनं नॉर्थवेस्टर्नला हरवलं होतं, 8 नोव्हेंबर 2019 ला. नॉर्थवेस्टर्न म्हणजे बिग टेन कॉन्फरन्सवाली टीम (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजेसचा गट), मोठं स्टेडियम, टीव्हीवर मॅचेस, आणि समोर ही मुलं जी मागच्या सीझनपर्यंत डिव्हिजन टूमध्ये, नॉर्थईस्ट-10 नावाच्या कॉन्फरन्समध्ये खेळत होती. त्यांचा डिव्हिजन वनमधला हा पहिला विजय. त्या दिवसापासून मी त्यांचे स्कोअर बघायला लागलो ते सुटलंच नाही.

ज्यांना अमेरिकेतली ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तिथं कॉलेजचे खेळ एनसीएए चालवते आणि कॉलेजेसच्या तीन डिव्हिजन असतात. आपल्याकडच्या फुटबॉल लीगसारखं नाही की वर आलात तर प्रमोशन, खाली गेलात तर रेलिगेशन, इथं कॉलेजनं स्वतः ठरवायचं की आम्हाला वर जायचंय, आणि मग पैसा उभा करायचा. डिव्हिजन टूमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलसाठी 10 स्कॉलरशिप द्यायची मुभा, वनमध्ये तेव्हा 13, शिवाय लांबचे प्रवास, कोच, ट्रेनर, सगळंच वाढतं. मेरिमॅक ज्या नॉर्थईस्ट कॉन्फरन्समध्ये गेलं त्यातली तेव्हाची कॉलेजेस बघा, कुठलं ब्रुकलिनमध्ये, एक स्टेटन आयलंडवर, एक मेरीलँडमधल्या एमिट्सबर्गला, दोन तर पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात. म्हणजे बसमध्ये बसलं की दिवस गेला, तोही परीक्षा सांभाळून.

गाडी सुटली एकदाची. हॅव्हरहिल लाइन. माल्डन, मेलरोज, रेडिंग करत गाव मागे पडत जातं आणि मग नुसती झाडं, पानं झडलेली, मधूनच एखादं गोठलेलं तळं. त्या वर्षी बर्फ फारसा पडलाच नव्हता पण वारा असा की कानाला झोंबायचा. कंडक्टर आला, तिकीट बघून समोरच्या सीटच्या फटीत एक छोटी चिठ्ठी भोकं पाडून अडकवून गेला, त्यावरून त्याला कळतं कोण कुठं उतरणार. मला ते फार आवडलं, अजून असं कागदानं काम चालतं म्हणून.

आम्ही अँडोव्हरला न उतरता मुद्दाम पुढं लॉरेन्सला उतरलो. कॉलेज दोन्हीकडून जवळ आहे, पण मला लॉरेन्स बघायचं होतं, आणि मॅचला वेळ होता. स्टेशनबाहेर आलं की समोर गिरण्या. लाल विटांच्या, लांबच्या लांब, खिडक्यांच्या रांगाच्या रांगा, मध्ये कालवा आणि पलीकडे मेरिमॅक नदी, कॉलेजचं नावही तेच. आयर मिलचा घड्याळाचा मनोरा लांबून दिसतो, त्याच्या तबकड्या लंडनच्या बिग बेनपेक्षा थोड्याच लहान आहेत. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते, मला ती गिरणी चालू असलेली आठवत नाही, पण लहानपणी बघितलेली भिंत आणि चिमणी आठवते, आणि इथं हजारो मैलांवर तसाच विटांचा रंग बघून मी थोडा वेळ काही बोललोच नाही. इथंही संप झाला होता. 1912 च्या जानेवारीत आठवड्याचे तास कायद्यानं 56 चे 54 झाले आणि मालकांनी तेवढा पगार कापला, त्यावर बायाबापडे, वेगवेगळ्या देशांतून आलेले, एकमेकांची भाषा न कळणारे वीस हजारांवर कामगार बाहेर पडले, दोन महिने भर थंडीत. आणि जिंकले. पगार वाढवून घेतला. 82 च्या संपाबद्दल घरी जे ऐकलं त्याचा शेवट असा नव्हता, म्हणून ते "जिंकले" मला दोनदा वाचावंसं वाटलं.

आता तिथं बहुतेक वस्ती स्पॅनिश बोलणाऱ्यांची, डॉमिनिकन लोक खूप. एका छोट्या हॉटेलात भात, घेवड्यासारख्या दाण्यांची आमटी आणि कच्च्या केळ्याचे चेचून तळलेले काप खाल्ले. आमच्या आजीच्या केळ्याच्या कापांपेक्षा जाड, पण मीठ बरोबर तसंच.

मग टॅक्सी करून कॉलेजला. मेरिमॅक कॉलेज नॉर्थ अँडोव्हर आणि अँडोव्हरच्या सीमेवर आहे, 1947 मध्ये ऑगस्टिनियन पाद्र्यांनी काढलेलं, दुसऱ्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांना शिकता यावं म्हणून. खेळाच्या इमारतीत शिरलं की बर्फाचा रिंक, कारण यांची आइस हॉकी 1989 पासून हॉकी ईस्ट नावाच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये आहे. म्हणजे डिव्हिजन वन काय असतं हे या कॉलेजला हॉकीमुळे माहीत होतं, बास्केटबॉलवाले मात्र तीस वर्षं त्याच छताखाली खालच्या डिव्हिजनमध्ये खेळत होते. ही गोष्ट मला तिथं उभं राहिल्यावरच नीट जाणवली.

हॅमल कोर्टची क्षमता साधारण बाराशे. भिंतीतून ओढून काढायचे लाकडी बाक. आम्ही तिसऱ्या रांगेत, बेसलाइनजवळ, म्हणजे बूट करकरल्याचा आवाज, कोच काय ओरडतोय ते, खेळाडू एकमेकांना काय सांगताहेत ते, सगळं ऐकू येत होतं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ, निळी टोपी, मांडीवर पॉपकॉर्न. ते डिव्हिजन टूच्या काळापासून येताहेत. मी विचारलं, या वर्षी पहिले आले तर मार्च मॅडनेसला, म्हणजे एनसीएएच्या सीझनअखेरच्या मोठ्या स्पर्धेला, जाणार का? ते माझ्याकडे वळले, पॉपकॉर्नचा पुडा पुढे केला आणि म्हणाले, "नाही जाऊ शकत. चार वर्षं नाही."

मला हे माहीत होतं खरं म्हणजे, वाचलं होतं, पण एखाद्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. नियम तेव्हा असा की वर आलेल्या टीमला चार वर्षं ना कॉन्फरन्सच्या शेवटच्या स्पर्धेतून एनसीएएचं तिकीट, ना 68 टीमच्या मोठ्या स्पर्धेत प्रवेश. कारण असं देतात की कॉलेजनं आधी अभ्यास, पैसा, व्यवस्था या सगळ्यात तयारी दाखवावी, नुसतं एका चांगल्या टीमच्या जोरावर उडी मारू नये. ते पटतं. पण त्याची किंमत मोजतो कोण, तर 20-22 वर्षांचा पोरगा, ज्याच्याकडे कॉलेजची मोजकी चार वर्षं असतात. (2025 च्या जानेवारीत एनसीएएनं ती चार वर्षं तीनवर आणली, बरं केलं.)

आणि या टीममध्ये त्यातला सगळ्यात ठळक पोरगा होता जुव्हारिस हेज. न्यू जर्सीच्या पॅटरसनचा, बॉल हाताळणारा गार्ड, सहा फुटांच्या आसपास, म्हणजे बास्केटबॉलमध्ये बुटकाच. त्याचं शेवटचं वर्ष. त्याच्यासाठी चार वर्षं थांबणं हा पर्यायच नव्हता, तो जे काही खेळत होता ते याच हॉलमध्ये आणि त्या बसच्या टोकाला असलेल्या हॉल्समध्ये संपणार होतं.

कोच जो गॅलो, तेही मेरिमॅकचेच माजी खेळाडू, 2016 पासून हेड कोच. त्यांनी टीमला 2-3 झोन खेळवला. ज्यांना बास्केटबॉल नाही कळत त्यांनी कबड्डीची साखळी डोळ्यासमोर आणा. माणसामागे माणूस धावत नाही, प्रत्येकानं आपापली जागा धरायची, दोघं वर, तिघं खाली, आणि समोरच्याला हळूहळू आत येऊ द्यायचं, जागा आहे असं वाटू द्यायचं. चढाई करणारा कोपऱ्यात शिरला की कोपरा आणि कव्हर एकदम मिटतात तसं. हेज वरच्या दोघांत. मी त्याचे पाय नाही, हात बघत होतो. हात खाली, कोपरात वाकलेले, बोटं सतत हलताहेत, आणि नजर बॉलवर नाही, तर बॉल ज्याच्याकडे जाणार आहे त्याच्याही पलीकडे. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या टीमचा गार्ड डावीकडे बघत उजवीकडे पास देतो, चांगला पास, मीही फसलो, आणि हेज तो द्यायच्या आधीच निघालेला. धावला पण नाही नीट, दीड पाऊल टाकलं, दोन बोटं लावली, बॉल पुढं सुटला आणि तो त्याच्या मागे एकटा. हॉलमध्ये सगळे उठले तेव्हा तो अजून हाफलाइनपर्यंतही पोचला नव्हता. रूममेटनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की रात्री लाल दिसत होता. म्हणाला, "बे, याले आधीच माहीत होतं."

शेजारचे आजोबा उठले नाहीत. त्यांनी नुसतं बोट वर करून मोजलं, हेजचा आजचा कितवा स्टील ते, म्हणजे समोरच्याचा बॉल कितव्यांदा पळवला ते. ते घरी वहीत लिहितात म्हणे.

मॅच ते जिंकले. शेवटच्या दोन मिनिटांत मला एक गोष्ट दिसली जी मी अजून विसरलो नाहीये, की ज्या स्पर्धेचं दारच बंद आहे तिच्यासाठी खेळत नसतानाही लूज बॉलवर तिघं जण एकदम जमिनीवर पडले, आणि त्यात एक असा होता ज्याला त्या दिवशी फार तर सात-आठ मिनिटं मिळाली असतील. मी कॉलेजला असताना इंटरकॉलेजिएटमध्ये पहिल्याच राउंडला बाहेर जायचो आम्ही, दरवर्षी, आणि आमचे सर म्हणायचे की आपल्याला पुढची मॅच नाहीये असं समजून खेळा. तेव्हा ते वाक्य मला रागावल्यासारखं वाटायचं. इथं ते समोर चाललं होतं.

बाहेर अंधार झाला होता, पार्किंगमध्ये लोक गाड्यांच्या काचा खरवडत होते. परतीची गाडी अँडोव्हरहून पकडली, प्लॅटफॉर्मवर आम्ही दोघंच, आणि रूममेट मला तो 2-3 झोन पायानं रेघा मारून समजावत होता, की कोपऱ्यातून उलटा पास टाकला तर फुटतो बघ, पण त्याला आधी हेजचे हात चुकवायला लागतील.

मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला परतलो. तोवर सीझन संपला होता, मेरिमॅक 20-11, कॉन्फरन्समध्ये 14-4, आणि पहिल्या नंबरावर. पहिल्याच वर्षी. गॅलोंना कॉन्फरन्सचे कोच ऑफ द इयर केलं. हेजच्या नावावर एकूण 457 स्टील, एनसीएएच्या तिन्ही डिव्हिजन मिळून इतिहासात सगळ्यात जास्त. मी वाचलं तेव्हा मला त्या वहीची आठवण झाली. कॉन्फरन्सची स्पर्धा रॉबर्ट मॉरिसनं जिंकली 10 मार्चला, आणि 12 मार्चला कोरोनामुळे एनसीएएची स्पर्धाच रद्द झाली, त्या वर्षी कोणीच गेलं नाही. मग इकडेही सगळं बंद झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

पण गोष्ट तिथं संपली नाही म्हणून हे लिहितोय. 7 मार्च 2023, बंदीचं चौथं आणि शेवटचं वर्ष, मेरिमॅकनं कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये फेअरली डिकिन्सनला 67-66 नं हरवलं. एका पॉइंटनं. करंडक घेतला, जिंकल्यावर कापतात तशी बास्केटची जाळी कापली, आणि नियमानुसार एनसीएएचं तिकीट मिळालं हरलेल्या फेअरली डिकिन्सनला. त्या मुलांचा काही दोष नाही, ती चांगली टीम होती, किती चांगली ते पुढच्या दहा दिवसांत सगळ्यांनी बघितलं. आधी डेटन शहरात टेक्सस सदर्नला हरवलं, मग कोलंबसमध्ये पर्ड्यू समोर. पर्ड्यू पहिली मानांकित, हे सोळावे. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्यानं पहिल्याला हरवलेलं त्याआधी एकदाच घडलं होतं, 2018 मध्ये.

आपल्याकडे 18 मार्चची सकाळ होती, मी चहा टाकला होता आणि फोन ओट्यावर उभा करून बघत होतो. 63-58. फेअरली डिकिन्सन जिंकले. कॉमेंटेटर ओरडत होते, चहा उतू गेला, गॅस बंद करेपर्यंत मेसेज आला. रूममेट आता टेक्ससला असतो, वर्षातून दोन-तीनदा बोलणं होतं. त्यानं पर्ड्यूचं नाव काढलं नव्हतं, नुसतं लिहिलं होतं, "67-66. लक्षात आहे ना बे?"

मी लिहिलं, आहे.