तुम्ही विचारलंत म्हणून: मी क्लबाचा राजीनामा का दिला नाही

‘एवढे सगळे झाले, तर तुम्ही क्लब सोडला का नाहीत?’ यजमान गेल्यावर आमच्या गोल्फ क्लबाने मला खेळायला न देता परत पाठवले, त्यावरून हा प्रश्न मला माझी भाची विचारते, तिच्या मैत्रिणी विचारतात आणि हल्ली वार्षिक सभा आटोपल्यावर चहाच्या टेबलाशी तरुण सभासदही विचारू लागले आहेत. विचारणाऱ्यांनी उत्तर बहुतेक मनाशी ठरवलेले असते: बाईंना सवय झाली, किंवा बाईंना हिरवळीचा आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्यांचा मोह सुटला नाही. खुर्च्या वेताच्या नाहीत, प्लास्टिकच्या आहेत, आणि डासही पुष्कळ असतात. पण मोहाचा मुद्दा मी सरसकट नाकारणार नाही. तो किती खरा आणि किती खोटा, हे सांगायचे तर थोडे सविस्तर लिहावे लागेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. गोल्फ क्लबातले सगळे नियम म्हणजे साहेबाने मागे ठेवलेली अडगळ, असे जे म्हटले जाते ते मला मान्य नाही. चेंडू पडून ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवतावर, खळगा झाला तर तो आपण बुजवायचा, बंकरमधली वाळू आपल्या मागून येणाऱ्यासाठी सारखी करायची, दुसरा फटका मारत असताना बोलायचे नाही, या गोष्टी मी तिशीत शिकले आणि त्यांनी मला प्रयोगशाळेतल्या शिस्तीइतकेच घडवले. या खेळात प्रत्येक खेळाडूमागे पंच नसतो. आपला दंड बहुधा आपणच सांगायचा असतो. 1925 सालच्या अमेरिकन ओपनमध्ये गोल्फपटू बॉबी जोन्सचा चेंडू गवतात जरासा हलला, तो इतर कोणी पाहिला नव्हता, तरी त्याने स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. चार फेऱ्यांअखेर बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत तो हरला. ज्या खेळात माणसाच्या शब्दावर इतका विश्वास टाकतात, त्याच खेळाच्या क्लबांना फाटकातून आत येणाऱ्याबद्दल एवढा अविश्वास का वाटावा, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. खेळाचे पहिले तेरा लेखी नियम स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या गोल्फरांनी 1744 साली केले. त्यांत चेंडू पाण्यात गेला तर काय, हरवला तर काय, एवढेच आहे. कॉलर, मोजे, स्त्रिया, नोकर यांच्याबद्दल त्यांत चकार शब्द नाही. हे सगळे पुढे क्लबहाउसच्या भिंतींबरोबर उभे राहिले.

आमच्याकडे रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत पहिला टी, म्हणजे खेळ सुरू करायची जागा, पुरुषांसाठी राखीव असे. पुरुष आठवडाभर कामात असतात आणि स्त्रियांना आठवडाभर मोकळीक असते, असा त्यामागचा हिशेब होता. म्हणून मंगळवारी सकाळी आमच्यासाठी ‘लेडीज डे’ ठेवलेला होता. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. मंगळवारी सकाळी मी सूक्ष्मदर्शकासमोर बसलेली असे, आणि रविवारी साडेनऊनंतर ऊन चढल्यावर, आमच्यानंतर निघालेल्या पुरुषांना वाट देत देत खेळत असे. तरीही या नियमाविरुद्ध एका मैत्रिणीने सह्या गोळा केल्या तेव्हा मी सही केली नाही. यजमान तेव्हा समितीवर होते आणि घरातूनच अर्ज गेला तर बरे दिसणार नाही, असे मी तिला सांगितले. ते कारण खरे होते. त्याखेरीज, मला खेळायला मिळते आहे ना, मग तास कोणता याला महत्त्व काय, असेही मला मनापासून वाटत असे. त्या वेळच्या मला आज कोणी मूर्ख म्हटले तर मी तिची बाजू घेईन, कारण तिला खेळ हवा होता आणि तो तिला मिळत होता. मात्र तो कोणाच्या नावावर मिळत होता, हे तिने कधी उघडून पाहिले नव्हते, हेही तितकेच खरे.

ते उघडून पाहायची वेळ यजमान गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात आली. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबली होती आणि घरातली शांतता मला सोसवत नव्हती. प्रयोगशाळेला सुट्टी होती. आदल्या संध्याकाळी मी आमच्या कॅडीला फोन केला. वर्षानुवर्षे आम्हा दोघांच्या बॅगा आलटून पालटून त्यानेच वाहिल्या होत्या, आणि अंत्ययात्रेत तो स्मशानापर्यंत चालत आला होता. सकाळी साडेसहाला तो माझी बॅग घेऊन टीजवळ उभा होता. खेळाडूंना पाळीने सोडणाऱ्या स्टार्टरने नोंदवही पाहिली, मग संगणक पाहिला, मग पुन्हा नोंदवही पाहिली आणि मान वर न करता म्हणाला, ‘मॅडम, ऑफिस उघडलं की जरा जाऊन येता का?’

ऑफिस नऊ वाजता उघडले. तिथले हेडक्लार्क माझ्या चांगल्या ओळखीचे. त्यांच्या आईच्या बायोप्सीचा अहवाल मी एका रविवारी मुद्दाम बसून दिला होता. त्यांनी आधी चहा मागवला, त्यावरूनच काहीतरी वाईट ऐकायचे आहे हे माझ्या लक्षात आले. मग त्यांनी नियमांचे पुस्तक माझ्यापुढे सरकवले. सभासदाच्या निधनानंतर त्याच्या पत्नीच्या सवलती स्थगित होतात. तिने विहित मुदतीत अर्ज करायचा. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, विवाहाचा दाखला आणि तिच्या चारित्र्याची हमी देणाऱ्या दोन सभासदांच्या, म्हणजे सूचक आणि अनुमोदक यांच्या, सह्या जोडायच्या. समितीने मंजुरी दिल्यास ‘दिवंगत सभासदाची पत्नी’ या वर्गात तिचे नाव घालायचे. या वर्गाला मताधिकार नव्हता. आमचे लग्न झाले तेव्हा विवाहाची नोंदणी करायची आमच्या लोकांत पद्धत नव्हती, असे मी सांगितले, तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, ‘लग्नाची पत्रिका असेल तर चालेल, मॅडम, आणि सोबत एक प्रतिज्ञापत्र.’

आज पाहुणी म्हणून खेळू द्या, असे मी म्हटले. पाहुण्याबरोबर सभासद असावा लागतो, असे त्यांनी सांगितले. ज्या सभासदाबरोबर मी यायचे तो गेला होता, आणि तो गेला म्हणूनच तर मी त्या टेबलाशी उभी होते. हे मी त्यांना बोलून दाखवले नाही. त्यांना ते कळले होते आणि त्यांनी कागदावरचे वजन उगाच इकडचे तिकडे केले.

ऑफिसबाहेरच्या भिंतीवर विजेत्यांचा लाकडी फळा आहे. महिलांच्या वार्षिक स्पर्धेच्या रकान्यात मी सोनेरी अक्षरांत एकाहून अधिक ठिकाणी आहे, असे मी तोवर समजत होते. त्या सकाळी फळा नीट वाचला. ‘मिसेस’ आणि पुढे यजमानांची आद्याक्षरे, एवढेच तिथे होते. पुढे त्यांनी दुसरे लग्न केले असते, तर त्या बाईलाही तो चषक आपलाच म्हणता आला असता.

कॅडी पायरीखाली उभा होता. कॅडीने व्हरांड्यात यायचे नाही, हा नियम असल्यामुळे खांद्यावर बॅग घेऊन तो तसाच ताटकळत होता, आणि माझ्यासाठी थांबल्यामुळे रांगेतला त्याचा नंबरही गेला होता, म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली होती. मी पैसे दिले. बऱ्याच आग्रहाने त्याने घेतले. मग म्हणाला, ‘मॅडम, सोमवारी या. सोमवारी मैदान बंद असतं, आम्ही खेळतो. तेव्हा कार्ड कोण बघत नाही.’

मी गेले नाही. मी गेले असते तर त्याच्यावर ठपका आला असता, असे कारण मी स्वतःला दिले, आणि ते खोटे नव्हते. पण सोमवारी, कॅडींच्या दिवशी, कॅडींबरोबर खेळताना मला कोणी पाहावे हेही मला नको होते. यांतले कोणते कारण किती भारी होते, हे मी अनेकदा तपासले आहे. हाती दर वेळी वेगळा निष्कर्ष येतो.

तेव्हा राजीनामा का दिला नाही, असे विचारणाऱ्यांना माझे पहिले उत्तर असे की, राजीनामा द्यायला आधी सभासद असावे लागते. मी कधी सभासद नव्हतेच. ज्या घरात मी भाडेकरूही नव्हते ते घर मी सोडले कसे असते? मी अर्ज भरला तो निव्वळ रागाने भरला. कपाटाच्या तळाशी असलेली लग्नाची पत्रिका शोधली, प्रतिज्ञापत्र केले, आणि माझ्या चारित्र्याची हमी द्यायला अशा एका गृहस्थांची सही घेतली, ज्यांना मी स्वतः स्कोअरकार्डावर फटके कमी लिहिल्याबद्दल दोनदा टोकले होते.

पुढे पत्नी आणि विधवा सभासदांना मत देण्याची दुरुस्ती सभेपुढे आली, आणि तिला तीन-चतुर्थांश मते लागत होती. स्त्रियांना मत असावे की नाही, यावर स्त्रियांना मत नव्हते. पहिल्या वेळी दुरुस्ती पडली. आमच्याकडचे इंग्रजाळलेले लोक तेव्हा स्कॉटलंडचा दाखला देत, म्हणून मी स्कॉटलंडचे वाचायला लागले. 1744 चे नियम करणाऱ्या त्याच एडिंबरोच्या मंडळीचा क्लब, ज्याचे मैदान मुइरफील्डला आहे, त्याने मे 2016 मध्ये स्त्रियांना प्रवेश देण्यावर मतदान घेतले. 64 टक्के सभासद अनुकूल होते, पण दोन-तृतीयांश हवे होते, म्हणून ठराव पडला. सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए क्लबाने स्वतः सप्टेंबर 2014 मध्ये 85 टक्के मतांनी दारे उघडली होती. मुइरफील्डचा ठराव पडताच ब्रिटनची मानाची ओपन स्पर्धा तिथे होणार नाही, असे ती भरवणाऱ्या आर अँड ए संस्थेने जाहीर केले. मार्च 2017 मध्ये पुन्हा मतदान झाले आणि 80 टक्के सभासदांना स्त्रिया चालू लागल्या. दहा महिन्यांत या सद्गृहस्थांचे मन वळले की स्पर्धा गेल्याची झळ लागली, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्याकडे स्पर्धा जाण्याची भीती नव्हती. आमच्याकडे सभासदांना मुली होत्या, त्या वयात आल्या आणि बापांना विचारू लागल्या. दुसऱ्या वेळी दुरुस्ती मंजूर झाली. क्लबातले माझे पहिले मत मी गाड्यांच्या पार्किंगवर पत्रे घालावेत की नाही, या विषयावर दिले.

सह्या गोळा करणाऱ्या त्या मैत्रिणीने मात्र खरोखरच क्लब सोडला होता. मला तिचे कौतुक वाटते आणि थोडा हेवाही वाटतो. तिची जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाने काही आठवड्यांत घेतली आणि रविवारची वेळ होती तशीच राहिली. बाहेर पडणे हा मोठा निषेध आहे असे मानणाऱ्यांनी या यादीची लांबी एकदा पाहावी. मैत्रीण म्हणते की निषेध क्लबासाठी नव्हता, तिच्या स्वतःसाठी होता. याला माझ्याकडे उत्तर नाही.

आत राहून बदल होतो, या माझ्या बाजूलाही एक मोठे भोक आहे. आत शिरलेला माणूस दार लावायला फार लवकर शिकतो. मुंबईचा विलिंग्डन क्लब 1918 साली निघाला तो युरोपीयांबरोबर भारतीयांनाही प्रवेश असावा म्हणून. त्याच क्लबाने 1988 मध्ये एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आहेत म्हणून परत पाठवले. दिल्ली गोल्फ क्लबात 2017 साली पाहुणी म्हणून जेवायला आलेल्या मेघालयच्या बाईंना, त्यांनी जैनसेम हा आपला पारंपरिक खासी पोशाख नेसलेला असताना, मोलकरणीसारख्या दिसता म्हणून टेबलावरून उठायला सांगितले गेले. तिथे उठवणारा इंग्रज नव्हता.

मताधिकारासाठी आम्ही स्त्रिया घरोघरी गेलो, तेव्हा कॅडींच्या पायरीचा प्रश्न आम्ही त्यात घातला नाही. एका तरुण मुलीने बैठकीत तो काढला होता आणि तो बाजूला ठेवा, असे मीच सांगितले. दोन्ही प्रश्न एकत्र नेले असते तर दोन्ही बुडाले असते, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. लोक मला शिवशंकर चौरसियाचे उदाहरण देतात: रॉयल कलकत्ता क्लबात गवत राखणाऱ्याचा हा मुलगा, त्याने 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली, मग क्लब कुठे बंद आहेत? मला त्यावर दक्षिण आफ्रिकेतला पापवा सेवगोलुम आठवतो. भारतीय वंशाचा, मूळचा कॅडी. 1963 साली डरबनच्या क्लबात नाताळ प्रांताची ओपन स्पर्धा जिंकला आणि वर्णभेदाच्या नियमांमुळे क्लबहाउसमध्ये जाता येत नव्हते म्हणून चषक त्याने बाहेर, पावसात उभे राहून घेतला. आमच्याकडे कायदा तसा नाही, आणि जिंकलेल्याला आम्ही आत बोलावतो, हेही खरे. न जिंकलेले पायरीखालीच असतात. आता कॅडींना व्हरांड्यात बसता यावे, असा ठराव येणार असे ऐकते. मी त्याची सूचक व्हावे, असे त्या मुलीचे म्हणणे आहे. माझ्या नावाने मते वाढतील की फुटतील, याचा मला अंदाज येत नाही; ‘बाईंचे आता हे नवीन’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत.

गेल्या महिन्यात आणखी एका सभासदाचे निधन झाले. त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या होत्या. मताधिकाराची दुरुस्ती झाली, पण अर्जाची कलमे कोणी बदललेली नाहीत. दोन सह्या आणि लग्नाचा पुरावा अजून लागतो. ‘एवढे करून जावे का हो तिथे?’ असे त्यांनी मला विचारले. सूचक म्हणून सही मी लगेच केली. लग्नाचा दाखला नसेल तर पत्रिका चालते, प्रतिज्ञापत्राच्या दोन प्रती काढा आणि जेवणाच्या सुट्टीआधी जा, नंतर हेडक्लार्क जागेवर भेटत नाहीत, एवढे मी त्यांना सांगितले. जावे की नाही, ते त्या ठरवतील.