हाँगकाँगमध्ये घराचं डिपॉझिट सोडवताना : माझा अनुभव

घर सोडलं, किल्ल्या दिल्या, आणि घरमालक डिपॉझिटवर (इथल्या कँटोनीज भाषेत त्याला 'ऑन-गाम' म्हणतात) बसून राहिला. म्हणे भिंती खराब केल्या. मी आवाज चढवला तर फोनवर ओरडला, "न्गो गोउ नेई!" म्हणजे मी तुला गोउ करतो. गोउ म्हणजे कोर्टात खेचणं, पण पोलिसांनी गुन्हा लावला तरी लोक गोउच म्हणतात. बायकोची झोपच उडाली.

म्हटलं, त्याच्या आधी आपणच पोलिसांत जाऊ. तिथे काउंटरवरच्या साहेबाने करारनाम्यावर नजर टाकली आणि म्हणाला, "मान-सी." मी भिंतींचे तारखेसकट फोटो दाखवले. "मान-सी." धमकीचं सांगितलं. "मान-सी, मान-सी," आणि पेनाने दरवाजा दाखवला. हाउ-गुंग, म्हणजे जबाब, घ्यायचं नावच नाही. मान-सी म्हणजे दिवाणी, यिंग-सी म्हणजे फौजदारी, हे ऑफिसातल्या एकाने मला नंतर सांगितलं. प्रकरण दिवाणीच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण मग जायचं कुठे, एवढं सांगायला काय झालं होतं? माझ्यामागच्या माणसाशी तोच गडी फाडफाड इंग्रजी बोलत होता! आजही आठवलं की डोकं फिरतं.

जायचं होतं स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात, वेस्ट कावलूनच्या कोर्टाच्या इमारतीत. फॉर्म, फी (रकमेप्रमाणे 20 ते 120 हाँगकाँग डॉलर), तारीख, सगळं सुरळीत. इथे वकील चालतच नाही, समोरच्यालाही नाही, म्हणून 'लौत-सी'च्या (वकिलाच्या) धमकीला भीक घालू नका. समोरचा कँटोनीजमध्ये बोलणार असेल तर दुभाषा हवा हे आधीच कळवा, त्याचे पैसे पडत नाहीत.

सुनावणीत 'वो-गाई' ऐकू आलं की कान टवकारा, तडजोडीची गोष्ट चालली आहे. मी रंगाचे थोडे पैसे सोडले, बाकी वसूल केले. आणि हो, तुमच्यावर उलट दावा झाला तर कागदावर तुम्ही 'बेई-गोउ' दिसाल. घाबरू नका, दिवाणीतल्या प्रतिवादीलाही तेच म्हणतात, फौजदारीतल्या आरोपीलाही तेच.

दावा 75,000 डॉलरच्या वर असेल तर मात्र डिस्ट्रिक्ट कोर्ट, आणि तिथे वकील चालतात.