तुम्ही विचारलंत म्हणून: इतला दूर कसाले?

अमळनेरात माझं दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. वर्षातून एकदा त्याला चार-पाच दिवस कुलूप असतं, कारण मी मद्रासकडे गाड्यांच्या शर्यती बघायला गेलेलो असतो. परत आलो की गिऱ्हाईक असो, शेजारी असो की व्याही, प्रश्न एकच. "इतला दूर कसाले रे भो? टीव्हीवर याच्यापेक्षा चांगलं दिसतं." दिसतं, हे आधीच कबूल करून टाकतो. आईला तर मोटर रेस म्हणजे नक्की काय तेच पटलेलं नाही. आमच्याकडे मोटर विहिरीवर असते, आणि रात्री लाइट आली की ती चालू करायला बॅटरी घेऊन पळतात तीच काय ती शर्यत.

मी पहिली शर्यत पाहिली 2011 साली. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, भारतातली पहिली फॉर्म्युला वन, 30 ऑक्टोबरला. त्या वर्षी भाऊबीज 28 ला आली होती. बहिणीनं ओवाळलं, मी ताटात ओवाळणी टाकली आणि रात्री आम्ही तिघं भुसावळहून दिल्लीच्या गाडीत. ती हे अजून काढते. पिशवीत फराळ होता आणि मामाच्या शेतातला कापूस. आवाज फार असतो, कानात बोळे लागतील, असं कुणी तरी सांगितलं होतं. बोळे विकत कशाला घ्यायचे, घरी वेचणी चालू होती! तेव्हाची इंजिनं आठ सिलिंडरची, मिनिटाला 18,000 फेऱ्यांपर्यंत फिरायची. माझी स्प्लेंडर आठ हजारांतच दमते. पहिली गाडी समोरून गेली आणि खानदेशचं पांढरं सोनं कानात असून नसल्यासारखं झालं. वर सरकी काढायची राहिली होती, ती टोचत होती ते वेगळंच.

पण बघायला काय मिळालं म्हणाल, तर फारसं काही नाही. तिकीट सगळ्यात स्वस्त, त्यामुळे पाच किलोमीटरच्या ट्रॅकचा एक तुकडा वाट्याला आला. गाडी यायची आणि दिसेपर्यंत जायची, असं 60 वेळा. आपला भारतीय ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन गेला की सगळे उभे राहून ओरडत होते, म्हणून आम्हीही ओरडत होतो. पुढे कोण आहे हे मोठ्या पडद्यावर बघायचं. म्हणजे हजारावर किलोमीटर जाऊन टीव्हीच पाहिला. जर्मनीचा सेबास्टियन फेटेल जिंकला. पुढची दोन वर्षंही तोच जिंकला, आणि मग कराच्या वादात ती शर्यत भारतातून गेली ती गेलीच.

तेव्हापासून मी मोठ्या नावाच्या मागे लागत नाही. राष्ट्रीय स्पर्धेच्या शर्यती मद्रासच्या ट्रॅकवर होतात त्या बघतो. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब 1953 चा, आणि त्याचा ट्रॅक चेन्नई-बंगळूर रस्त्यावर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टै इथे. लांबी 3.7 किलोमीटर, म्हणजे डोळ्यांत मावेल एवढी. तिथे टीव्हीएस अपाचे मोटरसायकलींच्या शर्यतीत सगळ्यांना एकसारखी गाडी असते. पुढे गेला तो गाडी भारी म्हणून नाही, मनगट भारी म्हणून. मला असल्या शर्यतीत जास्त गोडी आहे. शिवाय मारुतीचं इंजिन लावलेल्या छोट्या फॉर्म्युला गाड्या धावतात, त्यांच्यावर नाव एलजीबी. कोइम्बतूरची तीच कंपनी रोलॉन चेन बनवते, आणि ते डबे माझ्या दुकानात गल्ल्यामागच्या फळीवर असतात. आता सांगा, हे सोडून मी दुसरं काय बघायला जाऊ?

जायचं कसं, हेही विचारता. नवजीवन एक्सप्रेस जणू आपल्यासाठीच काढली आहे. अहमदाबादहून निघून नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळ करत थेट चेन्नई. शुक्रवारी सकाळी सकाळी बसायचं, शनिवारी सकाळी उतरायचं. परतीची गाडीही सकाळचीच, त्यामुळे रविवारी शर्यत संपली तरी सोमवारशिवाय निघता येत नाही आणि दुकान उघडायला मंगळवार उजाडतो. घरी 'शनिवार-रविवार जाऊन येतो' असं सांगू नका, मी सांगून बघितलंय. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. एकदा विजयवाड्याच्या एका गृहस्थांनी तो ठेचा चाखून 'बरा आहे' अशी मान हलवली. तेव्हापासून मिरच्या वाढवल्या आहेत. मात्र तिथल्या उकाड्याला आपली 45 अंशांची फुशारकी चालत नाही. आपलं ऊन कोरडं, तिथे सावलीतही अंगाला चिकचिक. दोन रुमाल जास्त घ्या.

आणि शनिवार चुकवू नका. त्या दिवशी सराव असतो, रविवारी कोण कुठून सुटणार ते ठरवणाऱ्या पात्रता फेऱ्या असतात, गर्दी कमी असते. ट्रॅकच्या कडेनं जेवढं फिरू देतील तेवढं फिरा आणि सरळ रस्त्यावरची जागा सोडून द्या. सरळ रस्त्यावर सगळेच शूर असतात. जिथे जोरात ब्रेक मारून वळावं लागतं तो कोपरा धरा. तिथे मागचं चाक जमिनीवरून सुटताना दिसतं, गुडघा डांबराला घासताना दिसतो, आणि एखादा पोरगा दर फेरीला इतरांपेक्षा हातभर उशिरा ब्रेक मारतोय हे तुमच्या लक्षात येतं. रविवारी तो पोरगा तुमचा होतो. त्याचं नाव नंतर कळलं तरी चालतं. मधल्या वेळात मिस्तरी लोक काम करतात तिकडे जाऊन उभे राहा. चेन किती ढिली ठेवायची ते तीही पोरं बोट लावूनच बघतात, आपल्या बसस्टँडजवळच्या मिस्तरीसारखी. मी अर्धा तास तेच बघत बसतो.

राहिलं टीव्हीचं. लहानपणी वैशाखात, सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरीच्या पात्रात मौत का कुआँ लागायचा. फळ्यांच्या गोल भिंतीवर मोटरसायकल चढत चढत वर यायची, आणि आम्ही उभे असायचो त्या लाकडी सज्जासकट सगळं हलायला लागायचं. कठड्याला धरलेल्या हातात ते थरथरणं यायचं, मग दातांत. कुणी नोट पुढे धरली की फिरता फिरता तो ती उचलून न्यायचा. इरुंगट्टुकोट्टैला पहिल्यांदा कुंपणाच्या जाळीला हात लावला आणि पलीकडून वीसेक गाड्या एकदम गेल्या, तेव्हा जाळीतून हातात आलं ते तेच. यात्रेत वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं. खेळ संपला तरी मी उतरायला तयार नव्हतो. त्यांनीही उतरवलं नाही. खिशातून आणखी दोन तिकिटांचे पैसे काढले.