संस्था बघायची तर रात्रीच्या जेवणाच्या वेळी बघा

बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या मुलामुलीसाठी निवासी संस्था शोधणारे पालक खोल्या, संडास, बाग आणि फी बघून येतात. नोंदणी प्रमाणपत्रही बघावं, कारण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार नोंदणीशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. पण आतली काळजी कशी आहे ते संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान कळतं. जेवण, औषधं आणि झोपायची तयारी त्या दोन तासांत एकदम येते आणि मदतनीस तेव्हाच कमी असतात.

आधी शौचाची वही मागा. बद्धकोष्ठता या लोकांमध्ये फार आढळते आणि फार सुटूनही जाते. हालचाल कमी, फेफऱ्याच्या किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी आतडी मंदावलेली, त्यात अंथरूण ओलं होईल म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद. ज्याला बोलता येत नाही तो पोट दुखतंय असं सांगणार कसा? तो डोकं आपटतो, ताट ढकलतो, कपडे ओढतो, आणि वहीत लिहिलं जातं ‘आज त्रास दिला’. मग शांत राहायची गोळी वाढते, तिने पोट आणखी धरतं. कधी साचलेल्या कडक मळाच्या खड्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो, तो जुलाब समजून जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं. हे तर सगळ्यात धोक्याचं. वहीत रोज तारीख, वेळ, किती आणि कडक की मऊ एवढं हवं. तीन दिवस रकाना रिकामा राहिला तर कुणाला फोन करायचा, हेही त्याच पानावर लिहिलेलं असावं. इसबगोल आपल्या मनाने देऊ नये. पाणी कमी पडलं तर ते आतच घट्ट होतं, आणि गिळायला त्रास असेल तर घशात अडकू शकतं.

अचानक बदललेल्या वागण्यामागे दात, कानातला मळ, लघवीचा संसर्ग हेही असतं. डाऊन सिंड्रोम असेल तर वर्षातून एकदा थायरॉईड तपासणी हवी. चाळिशीनंतर विसरभोळेपणा वाढला तर तो ‘स्वभाव’ म्हणून सोडून देऊ नये.

जेवताना बघा. पाठ ताठ, पाय टेकलेले, घास छोटा, आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नये. जेवताना ठसका, जेवणानंतर ओला घरघरता आवाज, वरचेवर छातीत कफ, ही गिळण्याच्या त्रासाची लक्षणं. त्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञाकडे नेतात. अशा माणसाला भडंग, सुकी भाकरी आणि रश्श्यातलं हाड चालत नाही. भाकरी आमटीत पूर्ण मुरवून द्यावी. कोल्हापुरात वाढदिवसाला, पुण्यतिथीला संस्थेत जेवण घालायची हौस मोठी, भावना चांगलीच. पण त्या दिवशी वाढणारे नवखे असतात, कोण काय गिळू शकतो त्यांना ठाऊक नसतं. चांगल्या संस्थेत प्रत्येकाच्या जागेवर त्याचा आहार लिहिलेली चिठ्ठी असते आणि देणगीदाराला घास भरवू देत नाहीत.

औषधं आमटीत कालवून देताना दिसली तर विचारा. आमटी उरली की डोसही उरला. हळूहळू विरघळणाऱ्या फेफऱ्याच्या गोळ्या कुटल्या तर सगळं औषध एकदम सुटतं. झटका आला तर वेळ घड्याळावर बघायची, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल नाकाला लावायची नाही. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट दवाखाना. हे रात्रपाळीच्या मावशींना विचारा, व्यवस्थापकाला नको.

आणखी एक पारख: तिथं राहणारा माणूस स्वतः काय करतो? स्वतःचं ताट उचलणं, दोन शर्टांतला एक निवडणं, आंघोळीच्या बादलीत आधी गार मग गरम पाणी घेणं. मदतनीस सगळं पटापट उरकत असेल तर काम वेळेत होतं, पण येत होतं तेही हळूहळू विसरलं जातं.

पालकत्व आणि पैशांबाबत थोडक्यात. अठरा वर्षांनंतर पालकत्व आपोआप राहत नाही. नॅशनल ट्रस्ट अधिनियम 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. संस्थेकडे दिलेल्या खर्चाच्या पैशांचा माणशी वेगळा हिशेब मागावा.

शेवटी कोल्हापुरातल्या पुराचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43. 2019 आणि 2021 या दोन्ही पुरांनी दाखवलंय की नदीपासून लांब असलात तरी रस्ते, वीज आणि नळाचं पाणी अडू शकतं. संस्था सखल भागात असेल तर 39 फुटांनाच हलायची तयारी हवी, कारण व्हीलचेअरवरच्या माणसाला आणि गर्दीला बिचकणाऱ्याला शेवटच्या तासात हलवता येत नाही. माणशी एक पिशवी तयार असावी: आठवड्याची औषधं, प्रिस्क्रिप्शनची प्रत, दिव्यांग ओळखपत्राची प्रत, आहाराची चिठ्ठी, डायपर, आणि ज्याच्याशिवाय तो झोपत नाही ती चादर किंवा वस्तू.