आठ महिन्यांचे दुःख आणि एक कोड

लालबागच्या त्या बाईंना त्यांच्या जाऊबाई आमच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन आल्या, त्या उपचारांपेक्षा रजेच्या दाखल्यासाठी. तरुण मुलगा जाऊन आठ महिने झाले होते. जेवणझोप ठीक होती, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार नव्हता. मात्र मुलाच्या मोबाइलचे रिचार्ज त्या दरमहा करत. माझ्यासमोरच त्यावर कुणा कर्जवाल्याचा फोन आला, तेव्हा “तो कामावर गेलाय, मागाहून करा,” असे त्यांनी अगदी सहज सांगितले. हा भ्रम म्हणावा का, या विचारात मी असतानाच त्या म्हणाल्या, “तो नाही हे कळतं हो डॉक्टर. पण परक्याला कशाला सांगायचं?”

नैराश्याच्या निदानाला दोन आठवडे टिकणाऱ्या किमान पाच लक्षणांची अट असते. ती येथे पुरी होत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणाच्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, सहा महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या तीव्र शोकाला ६बी४२ हा स्वतंत्र कोड आहे. डीएसएम या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानग्रंथाच्या २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी हीच मुदत बारा महिने आहे. म्हणजे एका ग्रंथानुसार बाई आजारी होत्या आणि दुसऱ्यानुसार आणखी चार महिने नव्हत्या. “वर्षश्राद्धापर्यंत आमच्याकडे सणवार नसतातच, मग ही आजारी कशी?” या जाऊबाईंच्या प्रश्नाची दखल आयसीडीही घेते, कारण शोक त्या समाजाच्या रीतीपलीकडे गेलेला असला पाहिजे, असे ती सांगते. पण रीत सण वर्ज्य करते, रोजचे काम नव्हे. बालवाडीत मदतनीस असलेल्या या बाईंचे, शाळा सुटताना मुलांना न्यायला आया आल्या की, हातपाय गळत आणि म्हणून कामावर जाणेच थांबले होते. माझ्या मते निदानाला महिन्यांच्या हिशेबापेक्षा हा आधार भक्कम होता.

अडचण पुढे आली. आमच्या संगणकात अजून आयसीडी-१० चीच यादी आहे आणि तीत हे निदान स्वतंत्रपणे नाही. नैराश्याचा एफ३२ लिहिला असता तर कुणी काही विचारले नसते, पण जे नाही ते बाईंच्या कागदावर कायमचे चिकटले असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ३ तर आयसीडीच्या अद्ययावत आवृत्तीकडेच बोट दाखवते. मी हाताने ६बी४२ लिहिले. चार दिवसांत दाखला ‘कोड यादीत नाही’ या शेऱ्यासह परत आला; कलमाची प्रत जोडून तो पुन्हा पाठवला आहे. समुपदेशन मात्र त्याची वाट न पाहता सुरू केले.